अणूचं चित्र शेवटी काढा

सहामाहीच्या पेपरात एकाने लिहिलं होतं, 'इलेक्ट्रॉन रेषेवरून फिरतात म्हणून ते आत पडत नाहीत.' आधी हसू आलं. मग आठवलं, ती रेषा मीच खडूने काढली होती. मधे ठळक गोळा, भोवती तीन वर्तुळं, वर्तुळांवर ठिपके. आठवीला मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवतेय आणि त्यातली निम्मी वर्षं अणूची सुरुवात याच चित्राने केली. आता ते चित्र सगळ्यात शेवटी येतं. हा घटक मला सहा तास लागतात. पोर्शन मागे पडतो, पण नववीत तो भरून निघतो.

पहिल्या तासाला फळ्याकडे जाऊच नका. मोहरीचा एक दाणा घ्या आणि मुलांना घेऊन मैदानावर या. दाणा साधारण दोन मिलिमीटरचा. अणुकेंद्रक, म्हणजे अणूच्या मधला गाभा, एवढं मानलं, तर अणू त्याच्या ढोबळमानाने लाखपट, म्हणजे दोनशे मीटर रुंद. दाणा मैदानाच्या मधोमध एका कागदावर ठेवायचा आणि दोघांना शंभर मीटर चालत पाठवायचं. आमचं मैदान तेवढं नाही. आमचा इलेक्ट्रॉन फाटकाबाहेर, रसवंतीच्या दुकानापाशी उभा राहतो. तिथून ओरडून विचारायचं, 'दाणा दिसतो का?'

मग कोणीतरी विचारतंच, 'बाई, मग मधल्या जागेत काय असतं? हवा?' या प्रश्नाला घाईने 'पोकळी' म्हणून मोकळं होऊ नका. उलट विचारा, हवा कशाची बनलेली असते? नायट्रोजन, ऑक्सिजन. आणि ते कशाचे? अणूंचे. मग अणूच्या आत हवा कशी मावेल? वर्ग दोन मिनिटं गप्प होतो. ती दोन मिनिटं मला पाठांतराच्या दोन तासांपेक्षा मोलाची वाटतात. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: एवढी पोकळी आहे तर हात बाकातून आरपार का जात नाही? हाताच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन आणि बाकाच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, एवढं सांगा. खरं उत्तर याहून खोल आहे आणि ते कॉलेजात भेटेल, हेही सांगून टाका.

दुसऱ्या तासाला गोट्या. जाड पुठ्ठ्याचे दीड फुटाचे तीन चौकोन कापा. एकाच्या खालच्या बाजूला मधोमध दोऱ्याचं रिकामं रीळ उभं चिकटवा, दुसऱ्याला फळ्याचं डस्टर आडवं चिकटवा, तिसरा तसाच ठेवा. पुठ्ठ्याच्या डाव्या-उजव्या कडेखाली वह्यांचे सारख्या उंचीचे गठ्ठे लावले की समोरून गोटी सोडायला वाट तयार. गठ्ठे फार उंच झाले तर वाकून आतलं दिसतं, म्हणून उंची रिळापुरतीच ठेवा. तिन्ही गटांनी वेगवेगळ्या जागेवरून पन्नास-पन्नास गोट्या सोडायच्या आणि लिहायचं: सरळ गेली, वळली, की परत आली. रिळाच्या पुठ्ठ्याखाली चार-पाचच गोट्या अडखळतात, डस्टरखाली पंधरा-वीस. यावरून मुलांनी सांगायचं की आत काय आहे, केवढं आहे.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या गटाने पुठ्ठा उचलून पाहिला आणि बिनचूक उत्तर दिलं. मी त्यांना एवढंच म्हटलं, 'रुदरफोर्डला पुठ्ठा उचलता आला नव्हता.' त्या एका वाक्यावरून गोष्टीत शिरता येतं. 1909 साली मँचेस्टरमध्ये शास्त्रज्ञ रुदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनप्रभारित कण, सोडले. बहुतेक कण सरळ पार गेले, थोडे वळले आणि हजारोंतला एखादा चक्क उलट फिरला. मुलांकडे स्वतःचा तक्ता तयार असतो, त्यामुळे 'म्हणजे आतली वस्तू रिळाहूनही बारीक!' हे तीच म्हणतात. 1911 मध्ये रुदरफोर्डने तेच म्हटलं: अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान आणि सगळा धनप्रभार मधल्या इवल्याशा जागेत आहे.

इथे एक खुलासा हवाच. गोटी रिळावर आदळते, अल्फा कण मात्र केंद्रकाला न शिवताच मागे फिरतो, कारण दोघांवरही धनप्रभार असतो. लोकरीवर घासलेल्या दोन स्ट्रॉ दोऱ्याने टांगल्या तर त्या एकमेकींपासून दूर सरकतात, हे दाखवावं. पावसाळ्यात मात्र हा प्रयोग हमखास फसतो. दमट हवेत प्रभार टिकतच नाही. शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मी पाच मिनिटं स्ट्रॉ घासत बसले होते. तेव्हापासून जुलैत दोन चुंबक वापरते आणि 'हे चुंबकत्व आहे, प्रभार नव्हे, फक्त ढकलणं बघा' असं बजावते.

तिसरा तास धान्याचा. हरभरा म्हणजे प्रोटॉन, पांढरा वाटाणा म्हणजे न्यूट्रॉन, राजगिरा म्हणजे इलेक्ट्रॉन. (शेंगदाणे नकोत. पहिल्या वर्षी माझे प्रोटॉन तास संपायच्या आत संपले.) वस्तुमानाचा अंदाज वेगळा द्यावा लागतो. प्रोटॉन म्हणजे दोन किलो साखरेची पिशवी मानली, तर इलेक्ट्रॉन म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, पाव चमचा साखर.

न्यूट्रॉनची मात्र व्याख्या देऊ नका, कोडं घाला. हायड्रोजनच्या केंद्रकात एक प्रोटॉन, हेलियमच्या केंद्रकात दोन. पण हेलियमचा अणू चौपट जड. उरलेलं वजन कशाचं? एखादा म्हणतो, चार प्रोटॉन असतील. मग प्रभार चार व्हायला हवा, आहे दोनच. शेवटी कोणीतरी चाचरत म्हणतं, 'प्रभार नसलेलं काहीतरी.' तेव्हा सांगायचं की हे काहीतरी 1932 मध्ये चॅडविकला सापडलं. आता वाटाणे वाटा आणि कार्बन करायला लावा: सहा हरभरे, सहा वाटाणे. दोन वाटाणे वाढवले तर? हरभरे सहाच, म्हणून कार्बनच; फक्त कार्बन-14. समस्थानिकं, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त न्यूट्रॉनचे अणू, पाच मिनिटांत आटोपतात.

कवचांसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ठरलेल्या पातळ्यांसाठी, ज्योत लागते. आमच्याकडे द्राक्षबागा, बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असतं. स्पिरिटच्या दिव्यावर ओल्या तारेच्या टोकाला मीठ लावून धरलं की पिवळी ज्योत, मोरचूद लावलं की हिरवी. मोरचूद विषारी आहे, ते मीच हाताळते, खिडक्या सताड उघडून. मुलांना विचारायचं, मिठाची ज्योत दर वेळी पिवळीच का? तापल्यावर इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढतो, खाली येताना प्रकाश देतो. पातळ्या ठरलेल्या, म्हणून रंगही ठरलेला. हायड्रोजनच्या प्रकाशाचं हे गणित 1913 मध्ये नील्स बोरने मांडलं. एकेका कवचात जास्तीत जास्त किती इलेक्ट्रॉन मावतात ते 2, 8, 18 हे आकडे यानंतर आले की मुलांना ते उपरे वाटत नाहीत.

आणि आता ते चित्र. ते मुलांनीच काढायचं. सोडियम: 11 प्रोटॉन, 12 न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन 2, 8, 1. चित्राखाली एक ओळ सक्तीची: 'हे मापात नाही, रेषा खऱ्या नाहीत.' ही ओळ नसेल तर मी अर्धा गुण कापते, पालक भांडायला आले तरी.

शेवटच्या तासाला क्लोरीन मुद्दाम राखून ठेवा. अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या, 17, तक्त्यात अणुवस्तुमान 35.5. वजाबाकी करून निम्मा वर्ग न्यूट्रॉन साडेअठरा लिहितो. चुकलं म्हणू नका. साडेअठरा वाटाणे मोजून ठेवायला सांगा. एका मुलीने खरंच एक वाटाणा दाताने फोडून अर्धा ठेवला होता. मग चार क्लोरीन करायला लावा: तीन 35 चे, एक 37 चा. बेरीज 142, भागिले चार, साडेपस्तीस. निसर्गातल्या क्लोरीनचं प्रमाण साधारण असंच आहे. अर्धा वाटाणा चारांपैकी एकाही अणूत नव्हता, तो भागाकारातून आला होता. तिने तो खिडकीतून बाहेर टाकला आणि वहीत 18 आणि 20 असे दोन आकडे लिहिले.