थर्मामीटर वापरताना या चुका टाळा, निदान मे महिन्यात तरी

एप्रिल उजाडला की जळगाव-भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फोटो सुरू होतात. कोणाच्या तरी गच्चीवरचा थर्मामीटर, भर उन्हात टांगलेला, काटा ५३ वर, आणि खाली लिहिलेलं असतं "खरा आकडा लपवतायत". अरे भो, अख्ख्या देशाचा विक्रमच ५१ चा आहे, राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ ला नोंदलेला, तो तुझ्या पत्र्यावर रोज दुपारी मोडतो होय? आपलं ४५-४६ काय कमी आहे का?

थर्मामीटरला हवा कळत नाही. तो स्वतः किती तापलाय तेवढंच सांगतो. उन्हात ठेवला की ऊन त्याची काच तापवतं, मागची पट्टी तापवतं, खालून गच्ची भाजते, मग जो आकडा येतो तो त्या थर्मामीटरचा, हवेचा नाही. हवामान खात्याचा थर्मामीटर झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर वर, पेटीचं दार उत्तरेला, म्हणजे आकडा वाचायला दार उघडलं तरी ऊन आत येत नाही. घरी बघायचंच असेल तर उत्तरेच्या बाजूला, सावलीत, भिंतीला न चिकटवता टांगा आणि विसरून जा थोडा वेळ. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडाही असाच. त्याचा सेन्सर पुढे बंपरच्या मागे असतो, सिग्नलला उभं राहिलात की इंजिन आणि डांबर मिळून त्याला भाजतात. हायवेला जरा वेळ वेगात चालल्यावर बघितलं तर बरा असतो.

माझं काम तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं आणि तो आकडा दाखवून मशीन चालू-बंद करणाऱ्या पॅनलचं. सावदा-रावेरकडचे केळी पिकवायच्या खोल्या म्हणजे रायपनिंग चेंबर, दूध थंड करायच्या टाक्या, बेकऱ्यांचे ओव्हन. त्यामुळे चुका त्याच त्याच बघून कंटाळा आलाय, पण सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक घरातली आहे, ताप मोजायची.

अमळनेरला ओळखीतल्या एका घरून भर मे मध्ये दुपारी तीनला फोन. "भाऊ, पोऱ्याले १०७ ताप शे, थर्मामीटर बिघडना का पोऱ्या?" लाईट गेलेली, कूलर बंद, वरच्या मजल्यावर पत्रे. मी गेलो तर पोरगं खाटेवर बसून मस्त टरबूज खातंय. आई रडतेय, आजी मीठ-मोहऱ्या घेऊन उभी. काचेचा थर्मामीटर फळीवर पडलेला, पत्र्याच्या खाली हातभर. आता बघा काय होतं. तापाच्या काचेच्या थर्मामीटरात फुग्याच्या वर नळी एका जागी एकदम चिंचोळी केलेली असते, पारा फुगला की तिथून वर जातो, पण थंड झाला की वरचा पारा तिथेच तुटून अडकतो. म्हणून तोंडातून काढला तरी आकडा टिकतो आणि म्हणूनच आधी झटकायला लागतो. पण झटकून पारा खाली किती येणार? खोली जेवढी तापलीय तिथपर्यंतच. खोलीच ४२ सेल्सिअसला, म्हणजे तापाच्या फॅरनहाइटमध्ये १०७ च्या वर गेलेली असेल तर तुम्ही खांदा निखळेपर्यंत झटका, पारा १०७ च्या खाली येत नाही. मग तो तोंडात घातला, तोंड त्या खोलीपेक्षा गार, फुगा आतून आकसला, वरचा पारा मात्र जागेवरच. झालं, पोराला १०७.

माठातल्या पाण्यात फुगा मिनिटभर बुडवला, झटकला, लगेच पोराच्या जिभेखाली, तीन मिनिटं तोंड बंद. काढला आणि काढल्या काढल्या वाचला, कारण हातात धरून गप्पा मारत बसलात तर त्या हवेत पारा परत चढायला लागतो. ९९ च्या आसपास निघाला. ऊन लागलं होतं थोडं, बाकी काही नाही.

डिजिटलवाल्यांनी हसू नका. त्याच्या टोकाला थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रोध कमी होतो आणि आतली चिप त्यावरून हिशोब करते, पण बहुतेक डिजिटल थर्मामीटरसुद्धा सर्वात मोठा आकडाच धरून ठेवतात. तापलेल्या खोलीत चालू केला तर चढलेलाच आकडा नाहीतर नुसता एच, म्हणजे हाय. त्यालाही माठाचंच औषध, फक्त टोक बुडवा, अख्खा नको. आणि बीप व्हायच्या आत काढून बघणारे लोक मला कळतच नाहीत. एवढी कसली घाई आहे? काखेत लावला तर तोंडापेक्षा अर्धा-एक डिग्री फॅरनहाइट कमी येतो, डॉक्टरांना सांगताना कुठे लावला होता ते पण सांगा. उकळत्या पाण्याने काचेचा धुऊ नका, फुटतो. आणि फुटलाच तर पारा झाडूने लोटू नका, खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरा, पोरांना लांब ठेवा.

आता बंदूक, म्हणजे अंगाला न लावता लांबूनच तापमान सांगणारा थर्मामीटर. कोरोनाच्या वेळेस गेटवर बसलेला माणूस सगळ्यांच्या कपाळावर धरायचा तेव्हापासून लोकांना वाटतं की ती जादू आहे. प्रत्येक वस्तूतून अवरक्त किरण निघतात, बंदूक समोरून आलेले किरण गोळा करून वरवरच्या पृष्ठभागाचं तापमान काढते. वरवरच्या! आत काय शिजतंय ते तिला दिसत नाही. लाल लेझर ठिपका मोजत नाही, तो फक्त नेम धरायला. बंदुकीवर १२:१ लिहिलेलं असेल तर १२ फुटांवरून ती १ फुटाच्या गोलातलं सगळं मिसळून सांगते, तुम्हाला वाटतं ठिपक्याएवढंच मोजलं. आणि चकचकीत स्टील-ॲल्युमिनियमवर धरली की बोंब, कारण चकचकीत धातू स्वतःचे किरण फार कमी सोडतो, इकडचे तिकडचेच परावर्तित करतो. दूध उकळतंय आणि बंदूक पातेल्यावर ४५ दाखवते, मग म्हणे चायना माल. माझ्या बॅगेत कायम काळ्या इन्सुलेशन टेपचा रोल असतो, पातेल्याला बाहेरून तुकडा चिकटवतो, थोडं थांबतो, मग टेपवर नेम. कपाळाच्या बंदुकीचा कागद वाचा, बऱ्याच बंदुकांवर १० ते ४० अंशांच्या हवेत वापरा असं छापलेलं असतं. आपल्याकडे मे मध्ये गेटवर ४० ही सकाळची गोष्ट झाली.

ह्याच बंदुकीने सावद्याकडे एका केळीवाल्याचा माल घालवला. फोन आला, "भाऊ, केयी आतून नरम पडली आन् साल हिरवीच." त्याने आधी केळी पिकवायच्या गॅसवाल्याला शिव्या दिल्या, मग मजुरांना, मग मला. पॅनलवर १७, एकदम बरोब्बर, केळी पिकवायला १६ ते १८ ठेवतात. बंदूक खोक्यावर मारून दाखवली, १८. मी मधल्या थप्पीतलं एक खोकं काढायला लावलं, एका केळ्यात टोकाकडून सुईवाला प्रोब आत गरापर्यंत घातला आणि अर्धा मिनिट थांबलो. २५. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

झालं असं की पॅनलचा सेन्सर कोणीतरी वायर वाचवायला कूलरच्या अगदी तोंडाशी बांधलेला. गार हवा सरळ त्याच्यावर, सेन्सर स्वतः १७ ला आला की कंप्रेसर बंद. इकडे केळी पिकताना स्वतःच उष्णता सोडते, खोकी एकमेकांना चिकटून रचलेली, हवेला वाट नाही, आत माल उकडतोय. २४ च्या वर गेली की केळी मऊ पडते पण साल पिवळी व्हायला मागत नाही. आणि कोणी घाबरून उलटं करतं, १३ च्या खाली नेतं, मग साल काळपट-राखी पडते. सेन्सर मालातून फिरून कूलरकडे परत येणाऱ्या हवेत बांधा, खोक्यांत फट ठेवा आणि दिवसातून दोनदा तरी केळ्यातच प्रोब घालून बघा. त्या केळ्याचं नुकसान होतं म्हणतात. एक केळं!

वायरिंगचं थोडक्यात सांगतो, कारण वायरमन ऐकत नाहीत. पीटी-१०० नावाच्या सेन्सरमध्ये प्लॅटिनमची तार असते, ० अंशाला १०० ओहम, पुढे दर अंशाला ०.३८५ ने वाढते. म्हणजे जोडलेल्या वायरचाच १ ओहम त्यात मिसळला तर आकडा अडीच अंशाने चढला. तिसरी वायर त्यासाठीच दिलेली असते, "एक उरली" म्हणून कापून टाकायला नाही. थर्मोकपल हा दुसरा सेन्सर, त्यात दोन वेगळ्या धातूंचा जोड असतो, जोड आणि पॅनल यांच्या तापमानात फरक असला की मिलिव्होल्टमध्ये वीज तयार होते. ती वायर कमी पडली म्हणून साधी तांब्याची जोडलीत, सांधा ओव्हनजवळ ७० अंशांना आणि पॅनल ४५ ला, तर मधले २५ अंश गायब, पॅनल तेवढं कमी दाखवणार आणि टोस्ट जळणार. त्याच टाईपच्या थर्मोकपलसाठी बनवलेली कॉम्पेन्सेटिंग केबलच घ्या. के टाईप थर्मोकपलच्या पिवळ्या-लाल वायरीत लाल ही मायनस असते, लाल म्हणजे प्लस हे इथे विसरायचं. ओव्हन तापतोय आणि आकडा खाली जातोय असं दिसलं की वायरी उलट्या.

डायलवाल्या थर्मामीटरची दांडी टोकाशीच नाही, चांगली दोन-तीन इंच बुडवा, आतली दोन धातूंची गुंडाळी तेवढी लांब असते. लाल रंगाच्या थर्मामीटरात रंग मध्ये तुटला असेल तर तो आकडा वाचू नका, फुगा बर्फात ठेवून सगळा रंग खाली ओढून घ्या.

नवीन थर्मामीटर आणला की मी गोळेवाल्याकडून किसलेला बर्फ आणतो. ग्लास बर्फाने गच्च भरायचा, फटी भरण्याइतकंच पाणी, ढवळायचं, दांडी काचेला टेकू द्यायची नाही, चार-पाच मिनिटं. ० यायला पाहिजे. पाण्यावर दोन बर्फाचे खडे तरंगवून "४ दाखवतंय, खराब आहे" म्हणणारे दुकानदाराशी भांडायला आधी पोचतात. तापाच्या थर्मामीटरवर हे करू नका, त्याचा आकडा तिथपर्यंत जातच नाही. उकळत्या पाण्यातही बघता येतं, पण उंची लक्षात ठेवा, दर तीनशे मीटरला साधारण १ अंश कमी. जळगावला ९९ च्या जरा वर येतं. तोरणमाळ साडेअकराशे मीटरवर, तिथे ९६ आलं तर थर्मामीटर बदलून मागू नका, पाणीच तेवढ्याला उकळतंय.