अंब्रेला कंपनीच्या पगारातील ‘कर्ज’ मी कसे थांबवले

ब्रिटनमध्ये एजन्सीमार्फत तात्पुरत्या कामावर असताना माझा पगार अंब्रेला कंपनीकडून, म्हणजे एजन्सी आणि कामगार यांच्यामध्ये राहून कामगाराला नोकरीवर ठेवणाऱ्या व पगार देणाऱ्या कंपनीकडून, येत असे. पहिल्याच पगारपावतीत किमान वेतनाएवढी रक्कम करपात्र पगार म्हणून दाखवली होती आणि उरलेली मोठी रक्कम ‘कर्ज’ या नावाने, कोणतीही करकपात न करता, खात्यात जमा झाली होती. असे कर्ज प्रत्यक्षात परत मागितले जात नाही. म्हणूनच एचएमआरसी (ब्रिटनचे कर खाते) ते उत्पन्न मानते, आणि कंपनी गायब झाली तरी थकलेला कर कामगाराच्या माथी येऊ शकतो. ही बाब मला फार अन्यायाची वाटते.

एचएमआरसीच्या ऑनलाइन कर खात्यात केवळ छोट्या पगाराची नोंद आहे, याची मी खात्री केली. एजन्सीला लेखी कळवून कंपनी बदलली, पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार व कराचा दाखला) नव्या कंपनीला दिला आणि ‘कर्जा’ची रक्कम सेल्फ असेसमेंट विवरणपत्रात (स्वतः भरायच्या कर विवरणपत्रात) उत्पन्न म्हणून दाखवून कर भरला.

नव्या पावतीत एजन्सी माझ्या कामासाठी कंपनीला देते त्या दरातून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स म्हणजे सामाजिक विम्याचा हप्ता (एप्रिल २०२५ पासून १५ टक्के), ०.५ टक्के अप्रेंटिसशिप लेव्ही (शिकाऊ प्रशिक्षणासाठीचा आकार) आणि कंपनीचे शुल्क वजा होऊन मगच माझा ढोबळ (कर कापण्यापूर्वीचा) पगार ठरतो. हे नियमाला धरूनच आहे. त्यामुळे दर ठरवतानाच एजन्सीकडून या वजावटींचा तपशील देणारे मुख्य माहितीपत्रक (की इन्फर्मेशन डॉक्युमेंट) मागावे. ते देणे एप्रिल २०२० पासून बंधनकारक आहे. रजेचा पगार साठवला जातो की दर आठवड्याला मिळतो, हेही मी करारात लिहून घेतले.