एक-चौदावर क्षेत्रफळ मिळते, कुंपणाची लांबी नाही

एक-चौदाच्या (गोव्यातील जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्यावर 400 चौरस मीटर लिहिलेले असते. तेवढ्या आकड्यावर काटेरी तार आणायला निघू नका. 400 चौरस मीटरचा आयत 20×20 असेल तर परिमिती 80 मीटर, 25×16 असेल तर 82, रस्त्याला लागून 50×8 ची पट्टी असेल तर 116. जमीन तेवढीच, कुंपण मात्र जवळजवळ दीडपट.

आधी चारही बाजू टेपने मोजा, मग दोन्ही कर्ण. 25×16 चा कर्ण 29.68 मीटर. दोन कर्णांत फरक आला तर कोपरे काटकोनी नाहीत. बाजू त्याच राहून कोपरा 70 अंशांचा झाला तर परिमिती 82 च राहते, क्षेत्रफळ 376 च्या आसपास येते. उतारावर क्षेत्रफळासाठी टेप आडवा, समपातळीत धरा. तारेसाठी मात्र जमिनीलगत मोजा, कारण तार उतारानेच जाणार.

आता खांब. दोन खांबांत 2.5 मीटर अंतर धरून 82 ला 2.5 ने भागून 33 खांब काढले की एक कमी पडतो. प्रत्येक कोपऱ्यावर खांब हवाच, म्हणून बाजूवार मोजा: 25 मीटरला 10 गाळे (गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा), 16 मीटरला 6.4 म्हणजे 7. एकूण 34 गाळे. कुंपण बंद असल्याने खांबही 34; एका बाजूला गडगा (दगडी भिंत) असेल आणि तीनच बाजू कुंपणाच्या असतील तर गाळ्यांपेक्षा एक खांब जास्त. 3 मीटरचे फाटक वजा केले की 79 मीटर, चार ओळींची तार 316 मीटर. गुंडाळायला आणि ताणायला 5 टक्के वाढवा.

परसात भाजीसाठी 24 मीटर जाळी पडून असेल तर प्रश्न उलटा होतो. 11×1 केले तर 11 चौरस मीटर, 9×3 ला 27, 8×4 ला 32, 6×6 ला 36. हिशेब सोपा: 36 मधून लांबी-रुंदीतील फरकाच्या निम्म्याचा वर्ग वजा करा. 8×4 चा फरक 4, निम्मा 2, वर्ग 4, उरले 32. फरक शून्य तेव्हा जागा सर्वांत जास्त. गडगा चौथी बाजू म्हणून वापरता आला तर आणखी बरे: निम्मी जाळी गडग्याला समांतर, उरलेली दोन बाजूंना. 12×6, म्हणजे 72 चौरस मीटर, नेमकी दुप्पट.

पण आतले वाफे चौरस करू नका. तांबड्या भाजीचा वाफा 1.2 मीटरहून रुंद झाला की मध्यापर्यंत हात पोचत नाही आणि माती तुडवली जाते.

परत 25×16 च्या जमिनीकडे: वाटेसाठी कोपऱ्यातून 5×4 चा तुकडा सोडला तर जमीन 380 होते, कुंपण 82 मीटरच लागते. कोपऱ्याऐवजी बाजूच्या मधोमध 5 रुंद, 4 खोल खाच घेतली तर 8 मीटर वाढते.