घरच्या फायर पिटचा धूर शेजाऱ्यांकडे जातोय? या चुका टाळा

फायर पिट म्हणजे अंगणातल्या शेकोटीसाठीचा खड्डा किंवा धातूचं कुंड. त्याच्या धुरावरून शेजारी कुरकुर करायला लागले की बहुतेकांना वाटतं, जाळ फार मोठा झाला. म्हणून ते लाकडं ओढून काढतात, आग दाबतात, आणि धूर दुप्पट होतो. शेजाऱ्याला खरा त्रास होतो तो धुमसणाऱ्या शेकोटीचा. चांगल्या पेटलेल्या शेकोटीचा त्यामानाने फारच कमी.

धूर म्हणजे अर्धवट जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की त्यातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखे अतिबारीक थेंब सुटतात. पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ते पेट घेतात, आपल्याला ज्वाळा दिसतात. नाही मिळाली तर तेच थेंब वाऱ्यावर बसून पलीकडच्या खिडकीत शिरतात. धुरातले बरेचसे कण 2.5 मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. माणसाच्या केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर, म्हणजे अंदाज करा. त्यामुळे ‘खिडकी लावून घ्या ना’ हे उत्तर शेजाऱ्याला देऊ नका. लावलेल्या खिडकीच्या फटीतूनही हे कण आत जातात.

‘वरून वाळलेलंच दिसतंय’

निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतील असं माझं मत आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. असं 10 किलो सरपण आगीत टाकलं तर त्याबरोबर 5 लिटरच्या आसपास पाणीही टाकलं. ते पाणी उकळून जाईपर्यंत आगीची सगळी ताकद त्यातच जाते, लाकूड धड तापत नाही आणि वायू पेटत नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण शेकोटीत बहुधा ओल्यापायी सुकंही धुमसतं.

लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. तो मोजायचं छोटं यंत्र, म्हणजे मॉइश्चर मीटर, मिळतं. पण बरेच जण त्याच्या सुया सालीवर किंवा ओंडक्याच्या कापलेल्या टोकाला टोचतात आणि 14-15 आकडा बघून खूश होतात. टोकं सगळ्यात आधी वाळतात, तिथला आकडा फसवा. ओंडका कुऱ्हाडीने उभा फोडा आणि नुकत्याच उघडलेल्या आतल्या बाजूला मधोमध टोचा. तिथे 28 आलं तर ते लाकूड अजून कामाचं नाही.

यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. सुकं लाकूड टणटणीत वाजतं, ओलं थप्पकन. सुक्या लाकडाच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात, साल सहज सुटते, आकाराच्या मानाने तुकडा हलका लागतो. जळताना टोकातून फेस किंवा पाणी येत असेल आणि सुंई असा आवाज होत असेल, तर वेगळी परीक्षा घ्यायची गरजच नाही.

फोडलेलं लाकूड वाळायला जातीप्रमाणे सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत लागतात. न फोडलेला गोल ओंडका त्याहून रेंगाळतो, कारण साल पाणी धरून ठेवते. आणि ढिगाला ताडपत्रीत चारी बाजूंनी गुंडाळू नका. आत दमट होऊन बुरशी धरते. फक्त माथा झाका, बाजू वाऱ्याला उघड्या ठेवा, खाली विटा किंवा फळ्या घाला.

खालून पेटवणं

खाली कागद, वर काटक्या, त्यावर ओंडके आणि काडी खालून, ही सगळ्यांच्या हातात बसलेली पद्धत. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत जो पांढरा लोट उठतो तो इथूनच येतो. खालची आग लहान आणि थंड असते, वरचे ओंडके तापून वायू सोडायला लागतात, पण ते वायू पेटवायला वर ज्वाळाच नसते.

हे उलटं करून बघा. जाड लाकडं तळाला, मध्ये हवेला वाट ठेवून. त्यावर मनगटाएवढी, मग अंगठ्याएवढी, आणि अगदी वर काटक्या, ढलप्या. काडी माथ्यावर लावायची. आग हळूहळू खाली उतरते आणि खालच्या लाकडातून निघालेले वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातात. सुरुवातीला हे चालेलसं वाटत नाही, हात शिवशिवतात काहीतरी ढोसायला. ढोसू नका.

पेट्रोल, रॉकेल, थिनर यांतलं काही ओतायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. भडका अंगावर येतो, वास आळीभर जातो.

शेकोटीला कचराकुंडी समजणं

पालापाचोळा, ओलं गवत, खोक्यांचा पुठ्ठा, प्लास्टिकचे कप, जुन्या फर्निचरच्या फळ्या हे सगळं ‘जळतंच आहे तर टाकून देऊ’ म्हणून जातं. प्लायवूडमध्ये गोंद असतो, रंगवलेल्या जुन्या लाकडात शिसं असू शकतं, आणि वाळवी-बुरशीसाठी रसायन मुरवलेल्या काही जुन्या लाकडांत आर्सेनिकही असतं. ते जाळल्यावर धुरात जातं आणि राखेतही उरतं. कुंपणाला कण्हेर छाटली असेल तर तिच्या फांद्याही नकोत, तिचा धूर विषारी असतो. सरपण म्हणजे फक्त सुकं, कोरं लाकूड.

वारा पडलाय, मस्त रात्र आहे

ही चूक भल्याभल्यांकडून होते. निरभ्र आकाश, पान हलत नाही, हवेत गारवा: शेकोटीसाठी याहून चांगली वेळ कोणती? धुरासाठी मात्र हीच सगळ्यात वाईट. अशा रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर त्यामानाने उबदार हवेचा थर राहतो. धूर थोडा वर चढतो, थंड होतो आणि त्या थराखाली अडकून आडवा पसरतो, बरोबर शेजारच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवर. मंद झुळूक असलेली संध्याकाळ बरी. जोराचा वारा मात्र नको, ठिणग्या उडतात.

पेटवण्याआधी एक उदबत्ती लावा आणि पिटजवळ धरून धुराची रेघ बघा. ती कुणाच्या खिडकीकडे झुकतेय? धूर सरळ वर न जाता लगेच वाकून रेंगाळत असेल तर त्या दिवशी बेत रद्द.

जागेचंही तसंच. पिट घर, कुंपण आणि झाडाच्या फांद्यांपासून किमान 3 मीटर लांब हवं, याहून जास्त मिळालं तर उत्तमच. स्थानिक नियमात किंवा सोसायटीच्या नियमात याहून कडक अट असू शकते, ती आधी वाचा. आपल्या भिंतीपासून लांब नेताना ते शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटत नाही ना, तेवढं बघा. बंदिस्त बाल्कनीत किंवा छपराखाली तर नाहीच; तिथे धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडही साठतो, आणि त्याला वास नसतो.

पेटल्यावर धूर येतोय, काय करू?

ज्वाळा लहान आणि धूर दाट असेल तर आग गुदमरतेय. लाकडं मोकळी करा, तळाची राख बाजूला सारा, एखादा लहान सुका तुकडा द्या.

नवा ओंडका टाकल्यावरच धूर येत असेल तर तो थंड आहे किंवा फार जाड आहे. पुढचा तुकडा थोडा वेळ पिटच्या कडेजवळ ऊब घेत ठेवा, मग घाला. एका वेळी एकच, आणि खाली लालभडक निखारे असतानाच.

‘स्मोकलेस’ म्हणून घेतलेलं दुहेरी भिंतीचं पिट धूर ओकतंय? दोनच गोष्टी तपासा. खालची हवेची भोकं राखेने बुजली असतील, किंवा लाकूड वरच्या भोकांच्या ओळीपर्यंत रचलं असेल. त्या वरच्या भोकांतून गरम हवा येऊन उरलेला धूर जाळते. लाकूड तिच्याही वर गेलं की ती सोय वाया. अर्थात नीट चालवलं तरी हे पिट पेटताना आणि विझताना धूर देतंच. जाहिरातीवर किती विसंबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

झोपायला जाताना तसंच सोडणं

‘विझेल आपोआप.’ विझतं, पण पहाटेपर्यंत धुमसत, आणि त्या वेळी शेजारी झोपलेले असतात. शेकोटीजवळून उठायच्या तासभर आधी नवं लाकूड घालणं थांबवा. उरलेले तुकडे जळून निखारे झाले की ते पसरवा, थोडं थोडं पाणी शिंपडत काठीने ढवळा, चुर्र आवाज बंद होईपर्यंत. तापलेल्या पत्र्यावर बादली एकदम उपडी केलीत तर पत्रा वाकतो आणि वाफेने हात भाजतो. राखेच्या पोटात निखारे एक-दोन दिवससुद्धा जिवंत राहू शकतात, म्हणून राख झाकणाच्या धातूच्या डब्यात, घरापासून लांब.

शेजाऱ्यांना न सांगणं

आदल्या दिवशी एवढंच विचारायचं, ‘उद्या संध्याकाळी दोन तास शेकोटी करणार आहोत, तुमचे कपडे वाळत असतील का?’ दोरीवरच्या धुतलेल्या चादरींना लागलेला धुराचा वास पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही, आणि भांडणं मोठ्या गोष्टींपेक्षा अशा चादरींवरून जास्त होतात. वेळ सांगितली की ती पाळा. धूर थांबला तरी रात्री गप्पांचा आवाज लांब जातो, हेही असू द्या ध्यानात.

शेजारी कुणाला दमा असेल, किंवा घरात तान्हं बाळ असेल, तर वरचं सगळं काटेकोर पाळूनही पुरणार नाही. तिथे लाकूड सोडून गॅसवर चालणारं पिट घ्या.