स्कायडायव्हिंगसाठी पहिली कॅनोपी (पॅराशूटचं कापडी छत) घेताय? साईझ कशी ठरवायची ते बघा

लायसन हातात पडलं की पहिला प्रश्न हाच येतोय, कॅनोपी किती नंबरची घेऊ. नंबर म्हणजे कापडाचे स्क्वेअर फूट. आणि मग कोणतरी तीनशे जंप झालेला भाऊ म्हणतो १५० घे, १९० काय बस हाय व्हय, आणि आपण कोल्हापूरचे, इरेला पेटायला वेळ लागत नाही.

तर आधी वजन. अंदाजे नको, आणि उघड्या अंगाचं पण नको. रिग (पाठीवरचा पॅराशूटचा सगळा संच), हेल्मेट, बूट, जंपसूट सगळं चढवून काट्यावर उभं राहायचं. घरात काटा नसला तर पिठाच्या गिरणीत जावा, लोक हसतील, हसू देत. मी तसा ७२ किलो, सगळं घालून ८३ भरलो. आता किलोला २.२ नं गुणायचं म्हणजे पाउंड येतात, माझे झाले साधारण १८३. त्याला कॅनोपीच्या स्क्वेअर फुटानं भागायचं, येतंय ते विंग लोडिंग, म्हणजे दर स्क्वेअर फुटावर किती पाउंड. १९० वर माझं ०.९६, १७० वर १.०७, १५० वर १.२२. नवीन माणसानं १.० च्या आत राहायचं, विषय संपला.

आकडे बघून वाटतंय की ०.९६ आणि १.२२ मध्ये असा काय फरक हाय. वेग साधारण १२-१३ टक्केच वाढतो, पण जमिनीवर आदळायची ताकद वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे ती २५ टक्क्यांच्या वर जाते. शिवाय टॉगल (वळवायच्या दोरीची मूठ) जरा जास्त ओढला तर लहान कॅनोपी झटकन वळते आणि वळताना उंची खाते. उघडलेल्या, एकदम चांगल्या कॅनोपीखाली माणसं पाय मोडून घेतात ते बहुतेक असंच, खाली आल्यावर काहीतरी चुकवायला गडबडीत वळवतात.

हलक्या लोकांनी इथं जास्त लक्ष द्या. ५० किलोची पोरगी, गियर धरून ६०, म्हणजे १३२ पाउंड. हिशोबानं १३५ ची कॅनोपी बसते, १.० च्या आत पण येते, तरी घ्यायची नाही! लहान कॅनोपीच्या दोऱ्या पण आखूड असतात, त्यामुळं लोडिंग तेच असलं तरी ती जास्त चपळ असते. तिनं १७० वर सुरू करावं, लोडिंग ०.७८ आलं तर येऊ दे. वारं जास्त असलं की मोठी कॅनोपी मागं सरकते म्हणतात, ते खरं हाय, पण त्यादिवशी नवीन माणसानं खाली बसून चहा प्यायचा.

आता आपल्या लोकांची खरी गोम. कोल्हापुरात काय ड्रॉपझोन (उड्या मारायची जागा) नाही, आपण वर्षातनं एकदा रजा टाकून लांब जाणार, दहा दिवसांत तीस जंप मारणार आणि मग अकरा महिने रंकाळ्यावर चकरा. मी आठ महिन्यांच्या गॅपनंतर बाहेरगावी पहिल्याच दिवशी १७० भाड्यानं घेतली, कारण मागच्या ट्रिपला जमली होती ना. फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी दोन्ही टॉगल ओढून वेग मारणं, उशिरा मारला, गुडघ्यावर आलो आणि पुढचे चार दिवस लंगडत दुसऱ्यांच्या उड्या बघितल्या. त्यामुळं लॉगबुकात किती जंप हायत त्यापेक्षा गेल्या दोन महिन्यांत किती झाल्या ते बघा. गॅप असला तर एक साईझ मोठी, आणि पांढऱ्या रश्श्यानं वजन वाढलं असंल तर परत गिरणीत.

हवा पण हिशोबात धरा. समुद्राकाठी शिकलेला माणूस उंचावर, कडक उन्हाळ्यात उडी मारतो तेव्हा हवा विरळ असते, तीच कॅनोपी जास्त जोरात येते. आपलं कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, इथल्यासारख्या उंचीवर ४० डिग्रीला थंड हवेतल्या समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के वेग जास्त भरंल.

सेकंडहँड घेताना कंटेनरची (कॅनोपी घडी करून ठेवायच्या पाठीवरच्या बॅगेची) साईझ आधी विचारा. १५० चा कंटेनर स्वस्तात मिळाला की माणूस त्यात १९० कोंबू शकत नाही, मग कंटेनरसाठी कॅनोपी लहान घेतो, म्हणजे चप्पल बसत नाही म्हणून पाय कापल्यासारखं. रिझर्व्ह (राखीव कॅनोपी) पण बघा, लेबलवर कमाल वजन लिहिलेलं असतंय, आणि बेशुद्ध होऊन उतरायची वेळ आली तर फ्लेअर मारायला कोण नसतंय, म्हणून ती पण दणकट मोठी हवी. जुनी कॅनोपी असली तर रिगरला (पॅराशूट तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसाला) दाखवा, कापड सच्छिद्र झालं असंल तर नंबर मोठा असून पण फ्लेअरला दम राहत नाही. आणि आकार चौकोनीच, इलिप्टिकलचा (लंबगोल, जास्त चपळ कॅनोपीचा) नाद आत्ता नको.

लहान साईझवर कधी जायचं? एका वेळी एकच पायरी, १९० वरनं १७०, मधली पायरी गाळायची नाही. त्याआधी आहे त्या कॅनोपीवर ब्रेकमध्ये राहून (दोन्ही टॉगल थोडे ओढून धरून) फारशी उंची न घालवता ९० अंश सपाट वळता यायला पाहिजे, वारं नसताना, आडव्या वाऱ्यात उभं उतरता यायला पाहिजे, फ्लेअर मारता मारता थोडं वळता यायला पाहिजे, आणि ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरात सारखं सारखं पडता यायला पाहिजे. सराव उंचावर करायचा आणि इन्स्ट्रक्टरला विचारून. आणि ह्यातलं एक जरी जमत नसंल तर १९० वरच थांबा, मी अजून तिथंच हाय.