आयऑक्टल हँडलरमध्ये युझरकडून आलेला डेटा कसा तपासावा

लिनक्सच्या ड्रायव्हरसाठी आयऑक्टल हँडलर, म्हणजे युझर प्रोग्रॅमने ड्रायव्हरला पाठवलेली आज्ञा हाताळणारे फंक्शन, लिहिताना त्या प्रोग्रॅमने दिलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) थेट वापरू नये, कारण तो कर्नलच्याच, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, मेमरीचा पत्ता असू शकतो. २०१७ मध्ये कर्नलच्या ४.१३ या आवृत्तीत वेटआयडी या सिस्टम कॉलमधून ॲक्सेस_ओके ही, पत्ता युझरच्याच मेमरीतला आहे ना हे पाहणारी, एक तपासणी सुटली आणि तेवढ्यावर साध्या वापरकर्त्याला कर्नलच्या मेमरीत लिहिता येऊ लागले.

म्हणून कॉपी_फ्रॉम_युझर वापरून युझरने पाठवलेले संपूर्ण स्ट्रक्चर (फील्डांचा संच) आधी कर्नलच्या मेमरीत घ्यावे. हे फंक्शन एरर कोड देत नाही, कॉपी न झालेल्या बाइटांची संख्या देते. ती धन संख्या हँडलरने तशीच पुढे पाठवली, तर प्रोग्रॅमला काम फत्ते झाल्यासारखे वाटते. शून्याखेरीज काहीही आल्यास उणे ईफॉल्ट (चुकीच्या पत्त्याचा एरर कोड) परत करावे.

कॉपी एकदाच करावी आणि पुढचे सगळे काम त्या प्रतीवरच चालवावे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम होय. आधी स्ट्रक्चरमधल्या फील्डातली लांबी वाचून तपासली आणि मग पूर्ण स्ट्रक्चर पुन्हा आणले, तर मधल्या वेळात त्याच प्रोग्रॅमचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा भाग) त्या लांबीत ६४ चे ४०९६ करू शकतो. लांबी बदलती असल्यामुळे दोनदा वाचणे अटळ असेल, तर दुसऱ्या कॉपीनंतर त्या फील्डमध्ये तपासलेलीच किंमत पुन्हा भरावी.

गुणाकारातही असाच दगाफटका होतो. प्रत्येकी १६ बाइटांच्या २६,८४,३५,४५७ नोंदी मागितल्या, तर ३२ बिटांत गुणाकार उलटून उत्तर १६ येते. मेमरी एका नोंदीपुरती मिळते आणि लूप मात्र कोट्यवधी नोंदी लिहीत सुटतो. यासाठी हा गुणाकार तपासूनच मेमरी देणारे केमॅलॉक_ॲरे वापरावे, शिवाय नोंदींच्या संख्येला स्वतःची कमाल मर्यादा घालावी.

अनोळखी फ्लॅग (पर्याय सांगणारे बिट) आणि राखीव फील्डमधला शून्येतर मजकूर उणे ईइनव्हॅल (अवैध मूल्याचा एरर कोड) देऊन नाकारावा. आज कानाडोळा केला, तर उद्या ते बिट नव्या कामासाठी वापरताच येत नाहीत, कारण त्यांत कचरा भरणारे प्रोग्रॅम तोवर रूढ झालेले असतात.

उत्तर परत पाठवण्यापूर्वी उत्तराचे स्ट्रक्चर भरण्याआधी मेमसेट या मेमरी भरणाऱ्या फंक्शनने शून्य करावे. ६४ बिटांच्या यंत्रावर एका बाइटाच्या फील्डनंतर आठ बाइटांचे फील्ड असेल, तर मधल्या सात रिकाम्या बाइटांतून कर्नलच्या स्टॅकवरचा जुना मजकूर बाहेर जातो.