ॲल्युमिनियममधले आटे वारंवार जातात? या चुका टाळा

आटे गेले की बोल्टला दोष देतात आणि ८.८ ऐवजी १२.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत पोलादाचा बोल्ट आणतात. ॲल्युमिनियमच्या भागात याचा काहीच उपयोग नाही. तिथे आधी सोलले जातात ते भोकातले मऊ आटे. पोलादात बोल्टच्या व्यासाएवढी पकड, म्हणजे आत गुंतलेल्या आट्यांची लांबी, साधारण पुरते. ॲल्युमिनियममध्ये ती दीडपट ते दुप्पट ठेवा. म्हणजे एम६ (६ मिमी व्यासाच्या) बोल्टचे ९ ते १२ मिमी आटे आत गुंतले पाहिजेत. पिचही (दोन आट्यांमधलं अंतर) जाडच घ्या. पातळ पत्र्यात एवढी खोली मिळतच नाही, तिथे सरळ रिव्हेट नट (रिव्हेटसारखा पत्र्यात दाबून बसवायचा आटेवाला नट) बसवा.

बोल्ट वारंवार उघडावा लागणार असेल, तर आटे जाण्याची वाट पाहू नका. सुरुवातीलाच स्टीलचे हेलिकॉइल इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायची आट्यांची स्प्रिंग, घाला. त्याचा बाहेरचा व्यास मोठा असल्याने भार जास्त ॲल्युमिनियमवर पसरतो आणि झीज स्टील सोसते. एम६ साठी ६.३ मिमी ड्रिल आणि इन्सर्टचाच खास टॅप (आटे पाडायचे हत्यार) लागतो. साधा एम६ टॅप त्या भोकात नुसता फिरत राहील. टॅपला रॉकेल किंवा कटिंग ऑइल लावा, मध्ये मध्ये उलटा फिरवून कीस तोडा आणि भोक पूर्ण साफ करा. इन्सर्ट पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली बसवा. वरचा वेढा बाहेर डोकावत राहिला, तर बोल्ट काढताना अख्खी स्प्रिंग त्याच्याबरोबर निघून येते. इन्सर्ट फिरवून बसवण्यासाठी असलेली खालची शेपटी तोडून चिमट्याने बाहेर काढायला विसरू नका.

बंद भोकात तेल साचू देऊ नका. बोल्ट आत जाताना ते दाबले जाते आणि कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

स्टेनलेस बोल्ट ओलाव्यात राहणार असेल, तर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावा, नाहीतर ॲल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी साचते आणि तो जॅम होतो. मात्र अँटी-सीझ लावल्यावर कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) तसाच वापरू नका. घर्षण कमी झाल्याने तेवढ्याच टॉर्कला बोल्टवर ताण जास्त येतो आणि आटे ओढले जातात.

बोल्ट लावताना आधी बोटांनी उलटा फिरवा. आटा खाली उतरल्याचा बारीक ‘टक्’ जाणवला की सरळ फिरवा. तीन-चार फेरे हाताने सहज गेले, तरच पाना लावा. अडला तर काढून पुन्हा सुरुवात करा.